बिलौठ्याची गढी

सुलोचनाबाई वाबळ्यांच्या माहेरी असा पक्का समज होता, की त्यांच्या यजमानांना, कान्होजींना, सरकारनं तलावाकाठची एक गढी सांभाळायला दिली आहे. तसं पाहिलं तर खोटं कुणीच बोललं नव्हतं. ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या एका लग्नाच्या पंगतीत थोरले साडू महिपतराव भोईटे यांनी कान्होजींना सहज विचारलं, हल्ली कुठं असता. कान्होजींनी पुरीचा घास गिळला आणि म्हणाले, "गढी आहे एक, बिलौठ्याला. तिच्यावर असतो." पुढचं काम पंगतीनं केलं. ही बातमी बायकांच्या खोलीत पोचेपर्यंत गढीला चार बुरूज आले होते, पायथ्याशी बंगला उठला होता आणि तलावात सरकारी नाव डुलत होती. सुलोचनाबाई तिथंच बसल्या होत्या. थोरली बहीण शालिनीताई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. तेवढ्या एका नजरेपायी त्या गप्प राहिल्या.

खरी गढी म्हणजे मातीचा एक ढिगारा होता. दोन मजली घराएवढा उंच, अंगावर बाभळी आणि करवंदीची झुडपं, पावसाळी ओघळींनी चिरलेला. गावातले लोक त्याला खेरा म्हणत. कधीकाळी तिथं शहर होतं, तेच ढासळून, त्यावर पुन्हा वसून, पुन्हा ढासळून हा ढीग झाला, असं पुरातत्त्व खात्याचे साहेब सांगत. कान्होजी त्या ढिगाऱ्याचे चौकीदार होते. राहायला पायथ्याशी दोन खोल्यांची पाटोर होती, म्हणजे भिंतीही दगडाच्या आणि छपराला सुद्धा दगडी फरशा.

कान्होजी मूळचे संस्थानच्या रिसाल्यातले दफेदार. त्यांच्या घराण्यात पाच पिढ्या घोड्यावरून कुणी खाली उतरलं नव्हतं. संस्थान मध्य भारतात विलीन झालं, मग फौज देशाच्या फौजेत मिसळली. तरण्या शिपायांना तिकडे घेतलं, चाळिशीकडे झुकलेल्यांना घरी पाठवलं. घोड्यांचा लिलाव झाला त्या दिवशी कान्होजी जेवले नाहीत. पुढं दोन वर्षं त्यांनी घरात बसून काढली आणि मग कुणीतरी ही जागा सुचवली. अर्ज करताना त्यांनी एकच चौकशी केली, की अंगावर खाकी असणार का. असणार म्हटल्यावर त्यांनी बाकी काही विचारलं नाही.

सुलोचनाबाई बिलौठ्याला आल्या तेव्हा तिशी ओलांडलेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच त्यांचा जन्म गेला होता. बाड्यावरची, म्हणजे भर चौकातली वर्दळ आणि शेजारपाजारच्या मराठी बायका, यांपलीकडचं जग त्यांना ठाऊक नव्हतं. इथं समोर पाणी, मागं माती, आणि गावातली बोली अशी की त्यांची शहरी हिंदी तिथं पांगळी पडायची. त्यात कान्होजींनी पहिल्याच दिवाळीला गावाशी वैर घेतलं. घरं सारवायला बायका पिढ्यान्‌पिढ्या खेऱ्याची पिवळी माती खणून नेत. चौकीदारानं ती खणू द्यायची नाही, असा हुकूम होता. कान्होजी हुकमाचे पक्के. टोपल्या घेऊन आलेल्या बायकांसमोर ते सीमेवर पहारा द्यावा तसे उभे राहिले. बायका परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून वाबळ्यांच्या घरी दूध येईना. विहिरीवर सुलोचनाबाई गेल्या की बोलणं थांबायचं.

त्या बायकांची म्होरकी होती रामदेई. ढीमरांची, म्हणजे तलावात मासे धरणाऱ्या, शिंगाड्याचं पीक घेणाऱ्या घरची. आवाज खणखणीत. विहिरीवर तिनं एकदाच सुलोचनाबाईंना तोंडावर विचारलं होतं, "तुमरे आदमी ने माटी रोक दई, अब हम घर काहे से लीपें?" 

उत्तर उन्हाळ्यात सापडलं, तेही अर्धंच. ज्येष्ठात तलावाचं पाणी मागं हटलं आणि काठाशी लोण्यासारखी मऊ माती उघडी पडली. सुलोचनाबाईंनी पदर खोचला, घोट्यापर्यंत चिखलात शिरून टोपली भरली आणि आपली ओसरी सारवली. मग तीच टोपली पुन्हा भरून थेट रामदेईच्या दारात नेऊन ठेवली, आणि अभिमानानं तिला आपली ओसरी बघायला घेऊन आल्या. तोवर उन्हानं ओसरीचे पापुद्रे निघाले होते. सगळी जमीन भाजक्या पापडासारखी वर उचलली गेली होती. रामदेई हसायला लागली ती थांबेना. हसता हसता तिनं कोपऱ्यातलं शेण ओढलं, भुसा मागवला, कालवून दाखवलं, आणि दोघींनी मिळून ती ओसरी पुन्हा सारवली. त्या संध्याकाळी दूध आलं. पुढच्या दिवाळीपासून गाव तलावाची माती नेऊ लागलं, आणि सुलोचनाबाईंना दक्खिनी काकी हे नाव पडलं.

अशी तीन-चार वर्षं गेली. छप्पन साल उजाडलं. त्या वर्षी ऐन दिवाळीत नवं राज्य आलं. मध्य भारत मोडला, मध्य प्रदेश झाला आणि राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली. कान्होजी कामानिमित्त लष्करात गेले होते. फूलबागेजवळ त्यांनी पाहिलं, की कचेऱ्यांमधली कपाटं, टेबलं, फायलींचे गठ्ठे मोटारींवर चढताहेत आणि ओळखीचे कारकून बायकापोरांसह सामान बांधताहेत. तिथून ते मेव्हणीकडे डोकावले, आणि परत आले ते चेहरा पाडूनच. हातपाय धुतले, चहा घेतला, तरी बोलेनात.

"काय झालं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"तुमच्या ताई येणार आहेत. महिपतराव, कुमुदिनी, सगळेच. गढी बघायची म्हणतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"या म्हणालो," कान्होजी म्हणाले. "दुसरं काय म्हणणार?"

सुलोचनाबाई चुलीपाशी जाऊन रात्रीच्या भाकरी थापू लागल्या. शालिनीताई त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. रूप तिला, नशीब तिला. महिपतराव सरकारी शिकारखान्यात होते, म्हणजे राजेलोकांच्या शिकारीची व्यवस्था बघणारे, पाहुण्या साहेबांना वाघ दाखवणारे. लहानपणापासून सुलोचनाबाईंनी ताईच्या जुन्या साड्या नेसल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा आपल्याकडे असं काही होतं, जे ताईकडे नव्हतं, आणि तेही नेमकं नव्हतंच.

रामदेईला हे कळलं तेव्हा तिला त्यात लपवण्यासारखं काही दिसलंच नाही. तिच्या लेखी गोष्ट इतकीच होती, की काकीची बहीण येते आहे. गावातल्या बायकांनी अंगण सारवलं, दारापुढं चुन्याचे ठिपके काढले. पटेलाकडून नवारीचे पलंग आले, कुणी गाद्या आणल्या. रामदेईच्या नवऱ्यानं बजावलं, की त्या दिवशीची रोहू बाजारात जाणार नाही. कान्होजींनी रिसाल्यातला जुना कोट काढून उन्हात घातला, पण त्याची बटणं आता पोटावर लागेनात. तो त्यांनी मुकाट्यानं घडी करून ठेवला.

पाहुणे शिवपुरीच्या छोट्या गाडीनं आले आणि स्टेशनापासून बैलगाडीनं. कुमुदिनी ही भोइट्यांची मॅट्रिक झालेली मुलगी. ती गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती. शालिनीताईंनी जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं, आणि गाडीच्या हिसक्यांनी त्यांचा अंबाडा एका बाजूला कलला होता. महिपतराव अगोदर उतरले. त्यांनी तलाव पाहिला, पाटोर पाहिली, आजूबाजूला जमलेल्या बायका पाहिल्या, आणि नम्रपणे विचारलं, "गढी इथून कितीशी लांब आहे?"

कान्होजींनी मागं हात केला. 

सुलोचनाबाई पुढं झाल्या. "दाजी, हीच ती. मातीची आहे. यांची इथं चौकीदाराची नोकरी आहे. आधीच सांगायला हवं होतं, पण माझी जीभ उचलली नाही."

सगळ्यांनी त्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. शालिनीताई गाडीचं लाकूड धरून हळूच खाली उतरल्या. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "अगं, गढीवर जायचं म्हणून मी लग्नातलं लुगडं नेसून आले." आणि त्यांच्या तोंडावर आधी एक बारीक हसू आलं, मग ते मोठं झालं. सुलोचनाबाईंना हसावं की रडावं ते कळेना. रामदेईनं मराठी न कळताही हसायला सुरुवात केली होती.

जेवणाआधी सगळे खेऱ्यावर चढले. वाट पिवळ्या मातीची, आणि पायाखाली खापरांचा खच. प्रत्येक पावलाला खळखळ व्हायची. ओघळीत एका जागी जुनी भिंत उघडी पडली होती. तिच्या विटा हातभर लांब, इतक्या रुंद की एका हातात मावू नयेत. त्याखाली काळा राखेचा थर, त्याखाली पुन्हा पिवळी माती. कान्होजी साहेबांकडून ऐकलेलं सांगत होते, आणि सांगताना राजांची नावं त्यांच्याकडून हमखास उलटसुलट व्हायची. कुमुदिनीनं ते दोनदा दुरुस्त केलं, तेही त्यांनी आनंदानं मान्य केलं. महिपतरावांचं लक्ष मात्र जमिनीवरच्या ठशांकडे होतं. इथून नीलगाय गेली, हा कोल्हा, ही साळिंदराची वाट, असं ते पुटपुटत होते. किती दिवसांनी त्यांचे डोळे असे हलत होते, ते शालिनीताईंनी मागाहून सांगितलं.

माथ्यावर एका जुन्या कडुलिंबाखाली गावदेवीचं ठाणं होतं. तिथून सगळा तलाव दिसे. पलीकडच्या उथळ पाण्यात सारसांची जोडी उभी होती, आणि शिंगाड्याच्या वेलींमधून रामदेईचा नवरा आपली लहानशी होडी, डोंगी, रेटत होता.

महिपतराव एका विटेवर टेकले. "इथली माणसं गेली कुठं?"

"कुणी म्हणतं साथ आली, कुणी म्हणतं पाणी आटलं," कान्होजी म्हणाले. "एक साहेब म्हणत होते, काही झालं नाही, नुसती राजधानी हलली."

महिपतराव विटेवरून उठले. खाली उतरताना त्यांनी ठशांकडे पाहिलंही नाही.

खरी गोष्ट शालिनीताईंनी तलावाकाठी हात धुताना सांगितली. शिकारखाना बंद होऊन आठ वर्षं झाली होती. महिपतराव तेव्हापासून रोज सकाळी कपडे करून बाड्यावर जात, चार ओळखीच्यांना भेटत आणि परत येत. आता ओळखीचेही भोपाळला चालले होते. त्यांच्या मनानं घेतलं होतं, की भाषेप्रमाणे राज्यं व्हायला लागली, आता ज्याचं त्याचं राज्य तिकडे. आपलं इथं काय राहिलं? साताऱ्याकडे भोइट्यांचं मूळ गाव होतं. घर मोडून तिकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं.

"आम्ही गढी बघायला आलो नाही गं सुलू," शालिनीताई म्हणाल्या. "निरोप घ्यायला आलो."

"तिकडे आहे कोण आपलं?"

"यांचे भाऊबंद म्हणे. पाच पिढ्यांत कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही."

कुमुदिनी मागं उभी होती. ती घरात महिनाभर या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. आता म्हणाली, "मावशी, मी वहाँ जाऊन कोणाशी बोलू? मतलब, मेरी मराठी तरी त्यांना समझेल का?"

सुलोचनाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वयंपाकाला गेल्या. रोहूला त्यांनी आईच्या हातचा मसाला लावला होता. जेवण रंगलं. शालिनीताई दोनदा भात मागून जेवल्या. ताटं उचलायच्या आधी सुलोचनाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि थोरल्या भाऊजींना पहिल्यांदाच सल्ला दिला. "दाजी, घर मोडायची घाई करू नका. आधी एकटे जाऊन बघून या. ताई आणि कुमू तोवर राहतील इथं माझ्याजवळ. जागा लहान आहे, पण आहे."

महिपतराव चमकले. शालिनीताईही चमकल्या. कान्होजींनी आपल्या बायकोकडे असं पाहिलं, जणू रिसाल्यातल्या एखाद्या बुजऱ्या घोडीनं अचानक खंदक ओलांडला. पण त्या बोलण्यात टोचणारं काही नव्हतं. महिपतरावांनी सावकाश पाणी पिऊन मान हलवली. चार दिवसांनी ते सातारच्या वाटेला लागले.

ते दिवस सुलोचनाबाईंच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. शालिनीताई सुरुवातीला पलंगावरून पाय खाली टेकवायच्या नाहीत. साळिंदरांची भीती, बेडकांची भीती, सारसांच्या ओरडण्याचीसुद्धा भीती. पंधरवड्यात त्या रामदेईच्या अंगणात बसून शिंगाडे सोलू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच कळे, म्हणून दोघी दुप्पट बोलत. कुमुदिनी गावातल्या मुलींना गोळा करून खेऱ्याच्या पायथ्याशी मातीवर काडीनं अक्षरं काढायला शिकवी. तिला वाटलं होतं दिवस जाणार नाहीत, आणि त्यांना पंखच फुटले. बहिणी रात्री शेजारी शेजारी झोपत. लहानपणी त्यांना कधी हे जमलं नव्हतं, कारण ताई तेव्हा फार ताई असायची.

महिपतराव संक्रांतीच्या सुमारास परतले. लष्करात न थांबता थेट बिलौठ्यालाच आले. बरोबर काकवीचा डबा होता आणि हळदीची पुडी. रोडावले होते.  संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं.

माणसं फार चांगली होती. त्यांनी अंगणात पाट मांडून जेवू घातलं, पाया पडली, नातवंडांची ओळख करून दिली. फक्त ती त्यांना ग्वाल्हेरकर पाहुणे म्हणत. ते बोलायला लागले की पोरं तोंडाला हात लावून हसत. मागून कळलं, की पोरांनी त्यांचं नाव हिंदी आजोबा ठेवलं होतं. मग एके दिवशी भाऊबंदांनी त्यांना जुनी जागा दाखवायला नेलं. ज्वारीच्या शेतात एका कडेला जोत्याचे चार दगड होते. इथून तुमचे पूर्वज घोड्यावर बसून उत्तरेला गेले, असं त्यांनी सांगितलं.

"मी तिथं उभा राहिलो," महिपतराव म्हणाले. "म्हटलं आता डोळ्यांत पाणी येईल. नाही आलं. कान्होजी, तुमच्या त्या खेऱ्यावर उभं राहिल्यावर वाटतं ना, की इथं कुणीतरी राहत होतं, तेवढंच वाटलं. ते कुणीतरी मी नव्हतो."

शालिनीताई आत गेल्या आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या. घर मोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं गोष्टी आपोआप बसत गेल्या. भोइट्यांनी घराचा पुढचा भाग एका बदलून आलेल्या कुटुंबाला भाड्यानं दिला. महिपतरावांना फूलबागेतल्या प्राणिसंग्रहालयात काम मिळालं. वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहणं त्यांना पहिल्यांदा जड गेलं असावं. जन्मभर त्यांनी वाघ रानात पाहिला होता. पण हळूहळू ते तिथली जनावरं नावानं ओळखू लागले, आणि घरी आल्यावर कुठल्या हरणानं आज चारा खाल्ला नाही ते सांगू लागले. कुमुदिनी शिक्षिका झाली. तिनं दर सुट्टीला बिलौठ्याला यायचं कधी सोडलं नाही, आधी एकटीनं, मग नवऱ्याला घेऊन, मग मुलांना. मुलं हिंदीतच बोलत. सुलोचनाबाई त्यांना मराठीतून उत्तर देत, आणि कुणाचंच काही अडत नसे.

कान्होजी निवृत्त झाले तेव्हा पाटोर सोडायची वेळ आली. शालिनीताईंनी लष्करात त्यांच्यासाठी एक खोली रिकामी करून रंगवूनही ठेवली होती. सुलोचनाबाई जाऊन राहून आल्या. खोलीत वारा येत होता, नळाला पाणी होतं, शेजारी मराठी बोलणारं होतं. परत आल्यावर त्यांनी कान्होजींना विचारलं, की तुमचं काय मन आहे. कान्होजी म्हणाले, आपण तर बुवा हुकमाचा माणूस, तुम्ही सांगाल तिथं. मग सुलोचनाबाईंनी रामदेईला बोलावून घेतलं आणि इथंच राहायचं म्हणून सांगितलं. गावानं तलावाच्या पलीकडच्या काठाला जागा दिली, ढीमरांच्या पोरांनी भिंती उचलल्या, आणि कुमुदिनीच्या नवऱ्यानं ग्वाल्हेरहून दारं-खिडक्या पाठवल्या.

सामान हलवायचा दिवस आला. काठानं गाडीची वाट फार वळसा घेऊन जायची, म्हणून रामदेईनं सांगितलं, की सगळं पाण्यावरून न्यायचं. शिंगाड्याच्या डोंग्या ओळीनं लागल्या. एकीत पेट्या, एकीत पीठ-धान्याचे डबे, एकीत कान्होजी आपला घडी केलेला कोट मांडीवर घेऊन ताठ बसलेले. शालिनीताई खास मदतीला आल्या होत्या. त्यांनी जन्मात कधी पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. त्यांना दोघींनी धरून शेवटच्या डोंगीत बसवलं आणि हातात तांब्याभांड्यांचं गाठोडं दिलं. डोंगी काठापासून सुटली मात्र, त्यांनी एका हातानं गाठोडं आणि दुसऱ्या हातानं सुलोचनाबाईंचं मनगट घट्ट पकडलं आणि बोलायला सुरुवात केली. वल्हवणाऱ्या पोराला हळू चल म्हणून झापलं, रामदेईला हसतेस काय म्हणून झापलं, कान्होजींना मागं वळू नका, डोंगी कलते, म्हणून झापलं.  सुलोचनाबाईंनी मनगट सोडवून घेतलं नाही. पलीकडच्या काठावर बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हात पुढं करत होत्या.